सध्या ओटीटीवर काय बघताय? बोली अस्सल असलेल्या सिरीज सुचवा

मुळामुठा

पाताल लोकचा दुसरा सीझन संपवला. प्राइमवर जानेवारी २०२५ मध्येच आलाय, माझा बघायचा राहून गेला होता, आणि आता झालंय असं की त्यानंतर जे काही लावतोय ते दहा-पंधरा मिनिटांत बंद करतोय. नुसती गोष्ट सांगायची तर दिल्लीतल्या नागालँड सदनात एका बड्या नागा नेत्याचा खून होतो, इकडे दिल्लीतच यमुनेपलीकडच्या जमनापारच्या ठाण्यात इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी एका बेपत्ता बँडवाल्याला शोधतोय, आणि दोन्ही प्रकरणं पुढे नागालँडात जाऊन एकमेकांना भिडतात. एवढंच असतं तर दोन दिवसांत विसरलो असतो. पण तिथली माणसं आपापसात नागामीज बोलतात, दिल्लीहून आलेल्या पोलिसांशी हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि या सगळ्यात हाथीराम त्याचा हरयाणवी हेल घेऊन उभा. समोरची दोघं एकदम आपल्या भाषेत बोलायला लागतात तेव्हा तो नुसता आळीपाळीने त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो, आणि आपल्यालाही कळतं की या माणसाला इथे कोणी काही सांगणार नाहीये. हे संवाद सगळे हिंदीत घेतले असते ना, तर हाथीरामचं परकेपण दाखवायला चार सीन जास्त लिहावे लागले असते आणि तरी ते पोचलं नसतं.

जयदीप अहलावत स्वतः रोहतककडचा, त्यामुळे त्याच्या तोंडी ती भाषा चिकटवलेली वाटत नाही. शिवाय पहिल्या सीझनमध्ये हाताखाली असलेला अन्सारी आता आयपीएस होऊन त्याचा साहेब झालाय, त्या दोघांमधलं अवघडलेपण आणि माया दोन्ही इश्वाक सिंगने काय सुंदर दाखवलंय. पुढचं सांगत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी मोठा धक्का आहे. आणि हे सगळं दिग्दर्शित केलंय आपल्या अविनाश अरुणने, किल्लावाला. त्या सिनेमातही पाऊस आणि कोकण नुसतं मागे पडद्यासारखं नव्हतं, तसंच इथे धुकं आणि डोंगर आहेत.

तर प्रश्न असा: तुम्ही सध्या काय बघताय, आणि त्यात अशी कोणती सिरीज आहे का जिथे माणसं खरोखर त्या गावची बोलतात? कुठल्याही देशातली चालेल, मी ओरिजिनल ऑडिओ आणि सबटायटल्स लावूनच बघतो, डब केलेलं बघवत नाही. आणि मराठीत असं काही असेल तर आधी ते सांगा, कारण मराठी सिरीज लावली की मला बहुतेक वेळा सगळी पात्रं एकाच सोसायटीत राहत असल्यासारखी वाटतात.

बदलीवाला

मुळामुठा, तुमचा तो तोंडाकडे बघत राहण्याचा मुद्दा अगदी बरोबर. मी बँकेत होतो, दिमापूरला पोस्टिंग होतं, त्यामुळे हा सीझन मी जरा वेगळ्या कानांनी पाहिला. नागालँडमध्ये प्रत्येक जमातीची भाषा वेगळी, आओ माणसाला अंगामी कळत नाही, अंगामीला लोथा कळत नाही, राज्याची अधिकृत भाषा इंग्रजी, मग बाजारात, बसमध्ये, बँकेच्या काउंटरवर सगळ्यांना जोडते ती नागामीज. ती असमियातून तयार झालेली आहे त्यामुळे आपल्याला अधूनमधून एखादा शब्द पकडता येतो आणि आपण उगाच खूश होतो की कळलं, तोवर समोरचा तीन वाक्यं पुढे गेलेला असतो. सिरीजमध्ये हे आहे. स्थानिक पात्रांसाठी ईशान्येकडचेच चेहरे घेतलेत हे फार बरं केलं, आणि इंडियन आयडॉल जिंकलेला प्रशांत तमांग ज्या रूपात दिसतो ते बघून तर मी दोनदा मागे नेऊन खात्री केली की हाच का तो. तिलोत्तमा शोमसुद्धा एसपी म्हणून किती कमी बोलते आणि किती सांगते.

एक गोष्ट मात्र मला लागली. त्या राज्याची गोष्ट म्हटली की बंदुका, ड्रग्ज, अंडरग्राउंड म्हणजे बंडखोर गट. नोव्हेंबर २०२५ मध्ये द फॅमिली मॅनचा तिसरा सीझन आला तोही नागालँडात, आणि गंमत म्हणजे तिथे जयदीप अहलावतच खलनायक. दोन्ही बघितल्यावर इकडच्या माणसाच्या मनात त्या प्रदेशाचं एकच चित्र पक्कं होणार. मी राहिलो त्या गल्लीत रविवारी सगळी दुकानं बंद, सकाळी चर्चमधून गाणं ऐकू यायचं, शेजारच्या काकू आठवणीने बांबूच्या कोंबाचं लोणचं पाठवायच्या. हाथीरामच्या गोष्टीत हे कशाला येईल, मान्य, पण कोणीतरी कधीतरी तिथल्या साध्या घराची गोष्ट करावी असं मनापासून वाटतं. तिथली गुल्लक म्हणा, ती मिश्रा कुटुंबाची घरगुती हिंदी सिरीज.

फॅमिली मॅन ३ बद्दल माझं मत: मनोज वाजपेयी आणि तळपदे (शारिब हाश्मी) ही जोडी अजूनही बघावीशी वाटते, पण शेवट असा अर्धवट सोडलाय की सात भाग बघितल्यावर हातात काही उरत नाही. दुसरा सीझन यापेक्षा खूप वरचा होता.

दुधनाकाठ

मराठीत पाहिजे असेल तर मानवत मर्डर्स. सोनी लिव्हवर आहे, ऑक्टोबर २०२४ ला आली, आठ भाग. मी परभणीकडचा, त्यामुळं माझ्यासाठी ही सिरीज नव्हती, घरात ऐकलेली गोष्ट होती. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात मानवतला एकामागून एक बायका आणि लहान लेकरं मारली गेली, गुप्तधनाच्या नादानं, आणि तपासाला मुंबईहून क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी आले. त्यांच्याच पुस्तकावर सिरीज बेतलीय, आशुतोष गोवारीकरनी त्यांचं काम केलंय. आमची आजी दिवेलागणीला पोरं बाहेर दिसली की मानवतचं नाव काढायची आणि आम्ही आत पळायचो, का ते तेव्हा कळायचं नाही. आता आईसोबत बघायलो तर ती मधेच म्हणती, थांबव जरा, आणि उठून पाणी पिऊन येती.

बोलीबद्दल सांगायचं तर मकरंद अनासपुरे तोंड उघडला की आपल्याकडचं माणूस बोलायलंय असं वाटतं. आयुष्यभर त्याला विनोदी कामात बघितलं, इथं तोच आवाज, तोच हेल, आणि अंगावर काटा येतो. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर दोघींनी जीव तोडून काम केलंय, सईच्या डोळ्यात तर बघवत नाही काही ठिकाणी. पण बाकी गावकऱ्यांमध्ये मात्र एक सरमिसळ आहे, एक जण आमच्याकडचं करायलोय-जायलोय बोलतो तर त्याच्या शेजारचा कोल्हापूरकडचा वाटतो. परभणी-जिंतूर-सेलूकडं लई चांगली नाटकवाली पोरं आहेत, छोट्या छोट्या भूमिका त्यांना दिल्या असत्या तर हे झालंच नसतं. तरीपण बघाच. दिग्दर्शक आशिष बेंडेनं एक गोष्ट फार जपलीय, खुनाचा तमाशा केला नाही. कॅमेरा रक्तापेक्षा गावातल्या भीतीवर जास्त थांबतो, दारं लावून घेणाऱ्या बाया, पारावरची कुजबुज, नवीन साहेबासमोर तोंड न उघडणारी माणसं. तुम्ही नागालँडचं जे सांगितलं ना, साहेबाला कोणी काही सांगत नाही, तेच इथं आहे, आणि इथं भाषा तर दोघांची मराठीच आहे.

ऑडिओची भाषा आधी तपासून मराठी लावा. हिंदीत ही सिरीज बघू नका कृपा करून.

शांता_नगरवाली

+१ मानवत मर्डर्सला. रात्री एकटीने बघू नये एवढं मात्र सांगते, आणि लहान मुलं घरात असतील तर नकोच.

झी५ वर अंधार माया पण आहे, कोकणातला जुना वाडा, भयकथा, किशोर कदम आहेत. त्यांच्यासाठी बघितली. पेट पुराण (सोनी लिव्ह) हलकीफुलकी, पण ती तुमच्या सोसायटीवाल्या वर्गात मोडेल. मला आवडली होती.

तर्कतीर्थ_नव्हे

मला या धाग्याच्या मूळ मुद्द्याशीच थोडा वाद घालायचाय. बोली अस्सल असली की सिरीज चांगली, असं नसतं. पंचायत घ्या. भाषा पहिल्या दिवसापासून उत्तम आहे, रघुवीर यादव, दुर्गेश कुमार, चंदन रॉय, फैसल मलिक, एकाचंही वाक्य खोटं वाटत नाही. पण एप्रिल २०२० मध्ये आलेला पहिला सीझन आणि जून २०२५ मधला चौथा शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्यात काय होतं? ऑफिसची किल्ली हरवली, चाकांची खुर्ची आली म्हणून गावात रुसवाफुगवा झाला, सोलरचा दिवा कुठे लावायचा यावर बैठक. इतक्या छोट्या गोष्टीतून आख्खं फुलेरा गाव दिसत होतं. आणि शेवटी गावची प्रधान मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करून २६ जानेवारीला झेंडा फडकवते, नीना गुप्तांचा तो आवाज थरथरणारा, अजून आठवतो. चौथ्यात आठच्या आठ भाग निवडणूक. लौकी विरुद्ध प्रेशर कुकर ही दोन गटांची चिन्हं, आज यांनी कुरघोडी केली उद्या त्यांनी. माणसं तीच, बोली तीच, गाव तेच (शूटिंग मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात होतं, गोष्ट बलियाची), पण गोष्टच हलत नाही. सचिवजींना काय हवंय हे चार सीझननंतर मला सांगता येणार नाही.

आता याच्या उलट उदाहरण देतो. नेटफ्लिक्सवर ॲडोलेसन्स, मार्च २०२५, फक्त चार भाग. उत्तर इंग्लंडमधला इतका जाड उच्चार आहे की सबटायटल्सशिवाय मला अर्धं कळलं नसतं, म्हणजे बोली म्हणून माझ्यापर्यंत काहीच पोचलं नाही, तरी गेल्या काही वर्षांत इतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पहाटे पोलीस दार तोडून घरात घुसतात आणि तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनासाठी पकडून नेतात, इथून सुरुवात. प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये घेतलाय, एकही कट नाही. मला आधी वाटलं ही कॅमेऱ्याची करामत असेल, लोक उगाच कौतुक करतायत. पण कट नसल्यामुळे होतं काय की तुम्हाला नजर वळवायला जागाच मिळत नाही. पोलीस ठाण्यात बापाबरोबर तुम्हीही बसून राहता, फॉर्म भरला जातोय, वकील येतोय, नर्स येतेय, सगळं त्याच वेगाने जसं खरं घडेल.

आणि तिसरा भाग. एक खोली, एक मानसशास्त्रज्ञ बाई, आणि तो मुलगा. ती त्याच्यासाठी मार्शमेलो घातलेलं हॉट चॉकलेट आणते आणि आपल्या सँडविचचा अर्धा तुकडा त्याला देते. तो म्हणतो मला यातलं लोणचं आवडत नाही. मग बोलता बोलता तो कधी लाडका पोरगा असतो, कधी एकदम अंगावर धावून येतो, कप भिरकावून देतो, आणि परत लहान होतो. शेवटी तो गेल्यावर ती एकटी त्या खोलीत आवराआवर करताना ते उष्टं सँडविच उचलायला जाते आणि तिचा हात मागे येतो. एवढंच. मला त्या हाताने जे सांगितलं ते कुठल्या संवादाने सांगितलं नसतं. ओवेन कूपरचं हे पहिलंच काम आणि पंधराव्या वर्षी त्याला टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं, योग्यच झालं. एरिन डोहर्टीलाही मिळालं.

माझ्या घरात आठवीतला मुलगा आहे. त्याच्या मोबाइलमध्ये काय बोललं जातं यातलं मला कितपत कळतं हा प्रश्न त्या सिरीजने माझ्यासमोर ठेवला, आणि मी तो अजून कुठे ठेवू शकलेलो नाही. सगळ्या आईबापांनी बघा.

मुळामुठा

@तर्कतीर्थ_नव्हे, ॲडोलेसन्स पाहिलीय आणि तुम्ही सँडविचचं लिहिलंय ते वाचून परत पोटात कालवलं. पण मला वाटतं तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. तो उच्चार तुम्हाला कळला नाही, मान्य, पण तीच सिरीज बीबीसीच्या बातम्यांसारख्या स्वच्छ इंग्रजीत केली असती तर तो बाप, स्टीफन ग्रॅहमचा, प्लंबर वाटला असता का? चौथ्या भागात गाडीवर कोणीतरी काहीबाही रंगवून ठेवतं आणि तो ते पुसायचं सामान आणायला दुकानात जातो, तिथे पोचेपर्यंत बायकोशी-मुलीशी जुन्या गाण्यांबद्दल हसत बोलायचा प्रयत्न करत राहतो. तो त्या गावचा, त्या कामाचा माणूस आहे हे आपल्या कानाला कळतं, शब्द कळो न कळो. मी बोली म्हणतोय ती एवढ्यासाठीच.

पंचायतबद्दल मात्र पूर्ण सहमत. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचं जे झालं तिथे ती सिरीज शिखरावर होती. फैसल मलिकने पुढे त्या दुःखी माणसाला जसं सांभाळलंय, कुठेही रडारड न करता, त्यासाठी मी पाचवा सीझनही बघेन.

काटेसावर

आमच्या वऱ्हाडीचा नंबर कधी लागन ते सांगा पहिले. पिच्चरात वऱ्हाडी माणूस म्हनजे एक तं विनोदी नोकर नाई तं कर्जबाजारी शेतकरी, तिसरा कोनी नसतेच. अमरावती, अकोला, यवतमाळ इकडे घरोघरी गोष्टी हायेत ना. आठ भागाची चांगली सिरीज होऊ शकते, कापसाच्या जिनिंगवर घ्या, दवाखान्यात घ्या, कॉलेजात घ्या. मी तं वाटच पाहून रायलो.

ईशान_नाही_ईशानी

मुळामुठा, गुल्लक बघितली नसेल तर आधी ती घ्या. बदलीवाला काकांनी वर नाव घेतलंच आहे. उत्तरेतल्या एका निमशहरातलं मिश्रा कुटुंब, वडील वीज खात्यात, दोन मुलगे, शेजारची बिट्टू की मम्मी, आणि आई म्हणजे शांती मिश्रा, गीतांजली कुलकर्णी. मराठी रंगभूमीवरची बाई, पण तिकडची आई इतकी हुबेहूब उभी केलीय की माझ्या ऑफिसमधल्या लखनौच्या मैत्रिणीला मी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं की त्या मराठी आहेत. मुलांवर ओरडताना वाक्य मधेच सोडून देतात आणि भांडं जरा जोरात ठेवतात, पुढचं वाक्य त्या भांड्यानेच पूर्ण होतं. चार सीझन आहेत, प्रत्येक सीझनचे पाचच भाग, जेवताना एक एक बघत गेलात तरी पटकन होतात. प्राइमवर खौफमध्येही त्या आहेत, एकदम वेगळ्या रूपात, ती मात्र भीतीदायक आहे.

बाकी तुमचा मुद्दा पटला. उलट बाजूने विचार केला तर जितेंद्र जोशीचा काटेकर आठवा, सेक्रेड गेम्समधला, २०१८. हिंदी सिरीजमध्ये पहिल्यांदा कोणीतरी मुंबई पोलिसातला मराठी हवालदार नीट बोलताना दिसला होता.

टोरांटोची_सई

मी कोहरा सुचवते, नेटफ्लिक्स, पहिला सीझन जुलै २०२३ चा, सहा भाग. पाताल लोकवाल्या सुदीप शर्माचाच हात आहे त्यात त्यामुळे तुम्हाला आवडायची शक्यता खूपच जास्त. लग्नासाठी लंडनहून पंजाबात आलेला मुलगा लग्नाच्या आधी शेतात मेलेला सापडतो, त्याच्याबरोबर आलेला इंग्रज मित्र बेपत्ता, आणि तपासाला दोन पोलीस, वयस्कर बलबीर सिंग आणि तरुण गरुंडी. जवळजवळ सगळं पंजाबीत. मी ब्रॅम्प्टनजवळ राहते, आमच्या गल्लीत आम्ही सोडून सगळे पंजाबी, वरच्या मजल्यावरच्या आंटींबरोबर बसून बघितली आणि त्या मधे मधे थांबवून सांगायच्या की हे असं बोलणं मोगा-जगरांवकडच्या घरात ऐकू येतं, हे असं नाही. परदेशात गेलेल्या मुलाबद्दल गावाकडे काय अपेक्षा असतात, त्याने कसं दिसायचं, केस ठेवायचे की कापायचे, कोणाशी लग्न करायचं, हे सगळं त्या खुनाच्या मागे आहे. आंटी शेवटचा भाग संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या यातला बाप आमच्या गावात प्रत्येक घरात आहे.

सुविंदर विकीचा बलबीर बघाच. पोरीशी कसं वागावं हे न कळणारा, घरात हात उगारलेला आणि आता पस्तावणारा माणूस, त्याला कुठेही माफ करून टाकत नाहीत लेखक, आणि राक्षसही करत नाहीत. बरुण सोबतीने गरुंडीला जो रांगडा हजरजबाबीपणा दिलाय तो सबटायटलमध्ये निम्मा हरवतो, तरी चेहऱ्यावरून कळतो.

अनघा_क

सगळे खून-खराबाच सांगतायत म्हणून मी वेगळं सांगते. व्हेन लाईफ गिव्ज यू टँजरिन्स, कोरियन, नेटफ्लिक्स, मार्च २०२५. सोळा भाग, चार चार करून चार आठवड्यांत आले होते, वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा असे. आता सगळे एकत्र आहेत. मी सासूबाईंबरोबर बघितली, त्यांना सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत म्हणून मी वाचून दाखवायचे, दोन-तीन भागांनंतर त्या म्हणाल्या तू नको सांगूस, मला समजतंय.

जेजू बेटावरची गोष्ट आहे. तिथे बायका पाठीला ऑक्सिजन न लावता नुसता श्वास रोखून समुद्रात खोल बुडी मारतात आणि अबालोन, शंख वगैरे काढून आणतात, हेन्यो म्हणतात त्यांना, २०१६ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही त्यांचं नाव गेलंय. नायिका ए-सुनची आई अशी पाणबुडी. तरुण विधवा, दुसरं लग्न केलेली, सतत खोकणारी, आणि मुलीला बजावणारी की तू काहीही कर पण हे काम करायचं नाही. पहिल्याच भागात ती लहान मुलगी शाळेत आईवर कविता करते. आई सारखी त्या मेल्या अबालोनच्या मागे असते, तेव्हा ते विकून जेवढे पैसे मिळतात तेवढे मीच द्यावेत आणि आईचा एक दिवस माझ्यासाठी विकत घ्यावा, अशा अर्थाची. आई ती कविता वाचते तिथे आम्ही दोघी रडलो, आणि नंतरच्या पंधरा भागांत कितीतरी वेळा.

नायक ग्वान-सिक फार कमी बोलतो. लहानपणी तिच्यासाठी मासे गुपचूप आणून ठेवणारा मुलगा, म्हातारा होईपर्यंत तसाच. एका सीनमध्ये घरातले सगळे वेगवेगळ्या पंगतीला बसलेत, पुरुष एकीकडे, बायका-मुली दुसरीकडे, आणि हा नुसता मागे वळून बायको-मुलीच्या ताटाकडे तोंड करून बसतो. काही भाषण नाही, भांडण नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्या काळात असं एकानेही केलं नाही गं. मला काय बोलावं कळलं नाही. त्या दिवशी रात्री त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या पंगतींबद्दल पुष्कळ सांगितलं, लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी हा विषय निघाला नव्हता.

आयू आणि पार्क बो-गम तरुणपणीचे, मोठेपणी मून सो-री आणि पार्क हे-जुन. चौघंही उत्कृष्ट. सुरुवातीला काळ पुढेमागे उड्या मारतो त्याने गोंधळायला होतं, तीन भाग धीर धरा.

तर्कतीर्थ_नव्हे

@अनघा_क, टँजरिन्स माझ्या बायकोने बघितलीय, मी येता-जाता बघून ही रडवणारी मालिका म्हणून सोडून दिली होती. पंगतीचा सीन तुम्ही लिहिलात तसा असेल तर पहिल्यापासून लावतो.

@मुळामुठा, प्लंबरचा मुद्दा मान्य, तुमचं बरोबर आहे. मग त्याच हिशोबाने तुम्हाला स्लो हॉर्सेस सुचवतो, ॲपल टीव्हीवर. लंडनमधल्या एका कळकट इमारतीत एमआय-५ ने चुका केल्यामुळे बाजूला टाकलेले गुप्तहेर, आणि त्यांचा साहेब गॅरी ओल्डमन, मळका कोट, भोकं पडलेले मोजे, तोंडाने अत्यंत घाण बोलणारा पण आपल्या माणसांसाठी जीव टाकणारा. प्रत्येक सीझन सहा भागांचा आणि त्यातच गोष्ट पूर्ण करतात, लटकवत ठेवत नाहीत. फॅमिली मॅनवाल्यांनी हे शिकण्यासारखं आहे. बघताना शिव्यांमुळे घरच्यांबरोबर अवघड होईल, हेडफोन लावा.

बदलीवाला

घरच्यांबरोबरचा विषय निघालाच आहे तर ब्लॅक वॉरंटबद्दल कोणी सांगेल का? नेटफ्लिक्सवर जानेवारी २०२५ ला आली ती, तिहार जेलची. मुलगी बारावीला आहे, तिला बघायचीय, तिच्याबरोबर बसून बघता येईल का?

दुधनाकाठ

बदलीवाला काका, मी बघितली. सात भाग. तिहारमध्ये जेलर राहिलेले सुनील गुप्ता, त्यांच्याच पुस्तकावर आहे. ऐंशीच्या दशकात एक साधा, अंगानं बारीक, शिवीसुद्धा न देणारा पोरगा जेलर म्हणून लागतो आणि पहिल्या दिवसापासून सगळे त्याला हसायलेत. झहान कपूरनं केलंय काम, शशी कपूरचा नातू, नवा पोरगा पण लई प्रामाणिक. सोबतचे दोन जेलर, एक हरयाणवी दहिया आणि एक सरदार मंगत, तिघं तीन तऱ्हेनं बोलतात त्यामुळं मुळामुठांच्या यादीतही बसती.

शिव्या भरपूर आहेत. रंगा-बिल्ला या दोन खुन्यांच्या १९८२ च्या फाशीचा भाग जड आहे, फाशीची तयारी, दोराची, वजनाची, सगळी बारीकसारीक दाखवलीय, आणि फाशी दिल्यावर जे होतं ते मला नंतर झोपताना आठवत होतं. बारावीची पोर आहे म्हणजे समज असणार, पण तो भाग आधी तुम्ही एकट्यानं बघा आणि मग ठरवा. बाकीचे भाग बसून बघायला हरकत नाही, जेलमधी पैसेवाल्याला काय मिळतं आणि वकील नसलेल्या गरिबाला काय, हे तिनं बघितलेलं चांगलंच आहे.